दुधाचा हिशेब

खैरीच्या आश्रमाची कपाटं उघडली तेव्हा
सीतारामजींच्या कागदांच्या अकरा पेट्या निघाल्या.
नागपूरच्या असेंब्लीतली भाषणं, जकातीचे तक्ते,
प्रांताच्या तिजोरीला कुठं गळती आहे त्याची टिपणं,
आणि प्रत्येक पुडक्यात कडुनिंबाचा पाला,
वाळवीसाठी, वर्षावर्षाला बदललेला.

तिचं स्वतःचं एकही पत्र नाही.
ती तिनं चुलीत घातली त्या दिवशी
भात जरा करपला होता, म्हणतात.

तिच्या हातच्या उरल्या फक्त वह्या. दुधाच्या.
मी भंडाऱ्याच्या ट्रेझरीत चौतीस वर्षं आकडे तपासले,
मला वाचता येतं ते एवढंच.

"भावलाल गवळी, साडेतीन शेर. पाणी आहे.
तरी घेतलं. पोट्टे रडत होते."

द्वारकाबाई हटवार.
चरित्र लिहायला तिनं चार मास्तर धरले,
तिघं उचल घेऊन पळाले,
चौथ्यानं लिहिलं; त्यात ती अर्ध्या ओळीत आहे,
स्वल्पविरामानंतर.

ज्याचं चरित्र, त्यानं एकदा स्वतःच पत्रक छापलं होतं:
पैसा मी खाल्ला नाही.
बाई होती. तुमसरची.
तिच्या नवऱ्याचं तोंड बंद ठेवलं ते माझ्या खिशातून.
तिजोरी स्वच्छ दाखवायला
माणसानं घर मळवलं.
पवनीच्या बाजारात पत्रक आण्याला एक गेलं.
द्वारकाबाई मागावर होती.
धोट्याचा आवाज थांबला नाही, शेजारीण सांगायची,
पण त्या लुगड्याचा काठ उलटा आला.

दोन वर्षांनी शब्दाला शब्द लागला
आणि तो पहाटेच वैनगंगेच्या रेतीत कुणाला जाब द्यायला गेला,
बाजेवरून परत आला.
वहीत त्या तारखेला काही नाही.
दुसऱ्या दिवशी: "एक शेर जास्त. माणसं आली आहेत, चहाला."

मग, पटकीच्या साली:
"घाटावर दोन पोरी सापडल्या. नाव सांगत नाहीत.
अर्धा शेर वाढवणे. दर डोई पावशेर."
पुढं नुसते आकडे चढत जातात.
सात डोई. एकोणीस. साठ.
मध्ये एक बांगडी मोडल्याची नोंद,
सोनाराचं नाव, आणि लगेच खाली: म्हैस.

ज्याच्या गोळीनं तो गेला तो म्हातारपणी
काठी टेकत आला. म्हणाला, वहिनी, झालं ते झालं.
ती दारातच उभी. तोही उभा.
त्यानं इकडंतिकडं पाहिलं, बसायला.
"पाट आहेत बाप्पा," ती म्हणाली,
"पण त्याईवर पोट्टे जेवून राह्यले."

शाळेच्या दाखल्यावर
बापाचं नाव नसलेल्या प्रत्येकापुढं तिनं लिहिलं: सीताराम.
गावानं हसून घेतलं.
एवढे पोट्टे त्याचेच असते
तर माणूस असेंब्लीत गेला कधी असता?
तिनं हे ऐकलं असणार. शाई बदलली नाही.

शेवटी डोळे गेले.
कागद बोटांनी ओळखायची,
हे कर्जाचं भाषण, हे मिठाचं,
आणि एक पातळ कागद आला की
तसाच खाली ठेवायची, पाल्यासकट.

काल रात्री छप्पन सालची वही लागली.
मला तेव्हाचं काही आठवत नाही,
एसटीच्या खिडकीची गज तेवढी, थंड, जिभेला लागलेली.

"तुमसरहून मुलगा. वय चार. आजीनं पाठवला.
आजीचं नाव विचारलं नाही.
उद्यापासून पावशेर जास्त."

ट्रेझरीत खाडाखोड दिसली की मी सही मागायचो,
सहीशिवाय बिल परत.

इथं 'पावशेर' एका रेघेत खोडलंय
आणि वर, बारीक अक्षरात,
अर्धा शेर.